टायमरचा खटका भलत्याच वेळी दिवा लावतो, त्याचं काय करायचं?

दिवस मावळला की गेटवरचा दिवा आपोआप लागावा आणि उजाडलं की विझावा, एवढ्यासाठी लोक टायमरचा खटका बसवून घेतात. सुरुवातीला तो वेळेवर चालतो. मग एखाद्या दिवशी रात्री दहाला दिवा लागतो, पुढच्या आठवड्यात भर दुपारी जळताना दिसतो. वायरमन येतो, वेळ लावून देतो, पैसे घेतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी घरातलं कुणीतरी वैतागतं, टायमर माळ्यावर जातो आणि जुनं बटण परत बोर्डावर येतं.

परभणी, जिंतूर, गंगाखेड या भागातल्या नातेवाइकांकडचे आणि आमच्या गल्लीतले असे बरेच टायमर मी उघडून पाहिलेत. खुद्द खटक्यात बिघाड फार क्वचित निघतो. बहुतेक वेळा त्याच्या आतलं घड्याळ चुकलेलं असतं, आणि ते चुकण्यामागे लाईट जाणं-येणं असतं. हे टायमर जिथे तयार होतात, तिथे महिनोन्महिने वीज जात नसावी, असा माझा कयास आहे. आपल्याकडे वादळी वाऱ्यात एका संध्याकाळीत चार वेळा जाते.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी टायमरच्या तोंडाकडे बघा. त्यावर आत्ता किती वाजलेत? मोबाइलमधली वेळ शेजारी धरून ताडून पाहा. घड्याळ मागे पडलंय, बारावर थांबलंय, बरोब्बर एक तास पुढे आहे, की अगदी अचूक आहे? पुढची सगळी शोधाशोध या उत्तरावर ठरते.

घड्याळ मागे पडलंय

हा गोल तबकडीचा, कडेला छोट्या दातेरी पिना असलेला टायमर. एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं, अशा चोवीस तासांच्या ९६ पिना असतात. काहींत अर्ध्या तासाची एक, म्हणून ४८. बाजारात तो स्वस्त मिळतो आणि म्हाताऱ्या माणसांनाही पटकन समजतो. मात्र त्याची तबकडी फिरवणारी छोटी सिंक्रोनस मोटर थेट विजेवर चालते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्या लयीवर ती फिरते. लाईट गेली की तबकडी जिथे असेल तिथे थांबते आणि आली की तिथूनच पुढे चालू लागते. मधला वेळ गेला तो गेलाच.

आता हिशोब करा. रोज दोन तास लाईट गेली, तर सहा दिवसांत घड्याळ बारा तास मागे पडतं. संध्याकाळी सातला लागायचा दिवा सकाळी सातला लागतो. गंगाखेडच्या मावशीचा फोन आला होता, "अरे, ह्ये दिवसा जळायलंय अन् रात्री अंधार. बिल काय तू भरणारंस का?" टायमर एकदम धडधाकट होता. त्या आठवड्यात डीपीवर काम चालू होतं, एवढंच.

यावर दुरुस्ती नसते. तबकडीचाच टायमर हवा असेल तर आत बॅटरीचा आधार असलेला घ्यावा, दुकानदाराला "लाईट गेल्यावर घड्याळ चालू राहतं का?" एवढं थेट विचारा. दुसरा उपाय म्हणजे टायमर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणं. पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर या मोटरी गुरगुरतात आणि तापतात.

बारावर थांबलंय किंवा आकडे लुकलुकतात

हा डिजिटल टायमर. पडद्यावर शून्य-शून्य किंवा बारा वाजलेले दिसतात, वार सोमवार किंवा रविवार दाखवतो, आणि तुम्ही भरलेल्या वेळा असतात किंवा त्याही पुसलेल्या असतात. म्हणजे आतल्या छोट्या बॅटरीने मान टाकलीय.

बऱ्याच डिजिटल टायमरमध्ये बटणासारखी, पुन्हा चार्ज होणारी छोटी बॅटरी असते. लाईट असताना ती भरते, गेल्यावर घड्याळ चालवते. दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या टायमरमध्ये ती पार रिकामी झालेली असते. नवा टायमर आणल्या-आणल्या वेळ लावायची घाई नडते ती इथे. आधी त्याला विजेवर जोडून काही तास, शक्यतो रात्रभर, नुसता राहू द्या. मग टाचणीने किंवा रिफिलच्या टोकाने रिसेटचं खोलगट बटण दाबा, आणि त्यानंतर वेळ, वार आणि लागायच्या-विझायच्या वेळा भरा.

इतकं करूनही लाईट गेली की घड्याळ पुसलं जात असेल, तर बॅटरी मेली. ती बहुधा सर्किटला झाळलेली असते. घड्याळं किंवा मोबाइल दुरुस्त करणारा सराईत माणूस ती बदलून देतो, फक्त एक गोष्ट त्याला बजावून सांगा: जुनी चार्ज होणारी असेल तर नवीही तशीच हवी. साधा घड्याळाचा सेल तिथे लावला तर टायमर त्यालाही चार्ज करायला जातो, आणि तो सेल गळतो किंवा फुटतो. काही टायमरमध्ये न चार्ज होणारा लिथियम सेल असतो आणि तो काही वर्षं पुरतो. पेटीवर 'पॉवर रिझर्व्ह' म्हणून तास किंवा वर्षं छापलेली असतात. तो आकडा न बघता टायमर घेऊ नये.

मराठवाड्याचा उन्हाळा या बॅटरीचा दुसरा वैरी. पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत टायमर बसवला, तर मे महिन्यात दुपारी पेटीला हात लावता येत नाही. बाहेर बेचाळीस असेल तर आत त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा पडदा काळाठिक्कर पडतो आणि लोक समजतात, जळाला. संध्याकाळी गार झाल्यावर आकडे परत दिसतात. पण अशा तापण्याने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. टायमर घराच्या आत, मीटरजवळ किंवा पॅसेजच्या बोर्डात ठेवावा. बाहेर फक्त दिवा असावा.

बरोब्बर एक तास पुढे

ही गंमत मार्चअखेरीस होते. महिनाभर बरोबर चाललेला टायमर एका रविवारी तासभर लवकर दिवा लावतो. ऑक्टोबरच्या शेवटी आपोआप सुधारतो, म्हणून घरातले म्हणतात, नीट झाला. झालेलं काहीच नसतं. युरोपात उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. पुष्कळ डिजिटल टायमरमध्ये ही सोय आतच असते आणि चुकून चालू राहते. पडद्याच्या कोपऱ्यात सूर्याचं चिन्ह किंवा '+१ तास' अशी खूण दिसली तर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. काहींत दोन बटणं एकत्र दाबली की ती चालू होते, आणि पुसताना-झटकताना तसं दाबलं जातं. भारतात घड्याळ वर्षभर एकच, तेव्हा हिचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

वेळ अचूक, तरी दिवा भलताच वागतो

इथे बोटं आणि बटणं यांचा घोळ असतो, आणि तो सर्वांत जास्त वेळ खातो.

पहिला संशय 'मॅन्युअल'च्या बटणावर घ्या. ते दाबत गेलं की खटका चालू, ऑटो, बंद असा फिरतो. कुणीतरी पाहुण्यांसाठी दिवा लावतं, नंतर ऑटोवर आणून सोडतं, आणि दिवा मात्र विझत नाही. कारण अनेक टायमर 'चालू'वरून 'ऑटो'वर आल्यावर आहे तीच स्थिती धरून बसतात. पुढची विझायची वेळ येईपर्यंत हलत नाहीत. 'बंद'वरून 'ऑटो'वर आणलं तर तेच उलट्या बाजूने होतं, म्हणजे दिवा लागायच्या पुढच्या वेळेपर्यंत बंदच. म्हणून दिवसा वेळ भरून झाल्यावर आधी बंद करा, मग ऑटोवर या. संध्याकाळी दिवे लागायची वेळ उलटून गेल्यावर भरत असाल, तर चालूवरून ऑटोवर या. एवढ्या एका गोष्टीसाठी लोकांनी टायमर परत केलेले आहेत.

मग वार बघा. संध्याकाळी लागून दुसऱ्या दिवशी पहाटे विझणारा दिवा म्हणजे दोन वेगळ्या वारांच्या नोंदी. 'सोमवार ते शुक्रवार' असा गट धरून दोन्ही वेळा भरल्या, तर शुक्रवारी लागलेला दिवा शनिवारी पहाटे विझवायला कुणी उरत नाही. तो थेट सोमवारच्या पहाटेपर्यंत जळतो.  घरच्या दिव्याला आठवड्याचे सातही वार धरा आणि विषय मिटवा.

बारा तासांची पद्धत ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं छोटं अक्षर दिसत नाही आणि दिवा संध्याकाळी सातला लागण्याऐवजी सकाळी सातला लागतो. चोवीस तासांवर ठेवा. १९:०० मध्ये घोटाळा होत नाही. आणि जुन्या मालकाने, वायरमनने किंवा खेळता-खेळता पोरांनी भरलेल्या नोंदी आत पडून असतात. टायमरमध्ये अशा दहा-वीस जागा असतात. आठव्या-नवव्या जागेवर कुणीतरी दुपारी दोन ते तीन भरून ठेवलेलं सापडतं. प्रत्येक जागा उघडून नको त्या पुसा, किंवा सरळ रिसेट मारून नव्याने भरा.

टक आवाज येतो, दिवा लागत नाही

वेळ झाली की आतला रिले, म्हणजे विजेवर उघड-मिट करणारा छोटा खटका, टक करून वाजतो, पडद्यावर चालू दाखवतो, पण दिवा ढिम्म. नवीन बसवताना हे सर्रास होतं, आणि वायरमन म्हणतो, "भाऊ, टायमर बाद निघाला, बदलून आणा."

मीटरच्या पेटीत पट्टीवर बसणाऱ्या टायमरला बहुधा पाच टोकं असतात. दोन टायमरच्या स्वतःच्या जेवणाची, म्हणजे फेज आणि न्यूट्रल. उरलेली तीन खटक्याची: एक मधलं सामायिक, एक वेळ झाल्यावर जोडलं जाणारं, एक वेळ झाल्यावर तुटणारं. ही तीन टोकं कोरडी असतात, त्यांत आपोआप वीज येत नाही. फेजचा एक छोटा तुकडा सामायिक टोकाला वेगळा द्यावा लागतो. तो दिलाच नाही, की टायमर वाजत राहतो आणि दिव्याला काही मिळत नाही. उलट दिवा तिसऱ्या टोकाला जोडला तर तो दिवसभर जळतो आणि रात्री विझतो. टोकांचे आकडे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा टायमरच्या कडेवर छापलेली आकृतीच प्रमाण मानावी.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, हे माझं मत पक्कं आहे. तरीही घरच्याने बाजूला उभं राहून एक गोष्ट पाहावी: इन्व्हर्टर. मेन स्विच खाली पाडला की घर मेलं, असं समजून माणूस बोर्डात हात घालतो, आणि इन्व्हर्टरची लाइन तिथे जिवंत असते. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर उलट लगेच चालू होतो! मेन बंद, इन्व्हर्टर बंद, त्याचा आउटपुटही काढलेला, आणि मग होल्डरला बल्ब लावलेल्या टेस्ट लॅम्पने तपासणं, असा क्रम हवा. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको. शेजारच्या तारेमुळे तो उगाच मंद लुकलुकतो, आणि आतला निऑन गेला असेल तर जिवंत तारेवरही काळा राहतो.

न्यूट्रल सापडत नाही

आपल्याकडच्या अनेक घरांत नुसत्या बटणांच्या बोर्डात न्यूट्रल नसते. फेज बोर्डात येते, बटणातून दिव्याकडे जाते, आणि न्यूट्रल छतातूनच थेट दिव्याला जाते. साध्या बटणाला तेवढं पुरतं. पण डिजिटल टायमरला किंवा वाय-फायच्या खटक्याला स्वतःलाही वीज लागते, म्हणून त्याला न्यूट्रल हवी. बोर्डात प्लगपॉइंट असेल तर तिथे न्यूट्रल असते. नसेल तर नवीन तार ओढून आणावी लागते.

इथे एक पळवाट निघते आणि तीच पुढे छळते. शेजारच्या खोलीच्या सर्किटची न्यूट्रल उसनी आणतात. दिवा लागतो, सगळे खूश. पण घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाईट तोडणारा स्विच, असेल आणि तो एकाच सर्किटवर असेल, तर एका बाजूने गेलेला प्रवाह दुसऱ्या बाजूने परत येतो, हे त्याला गळतीसारखं दिसतं आणि तो पडतो. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्या सर्किटवरची लाईट जाते, बाकी दिवसभर काही नाही. असं होत असेल तर टायमरची न्यूट्रल कुठून आलीय ते आधी शोधा. इन्व्हर्टरच्या फेजला वेगळ्या सर्किटची न्यूट्रल जोडली तरी असेच विचित्र प्रकार होतात.

अर्थिंगच्या हिरव्या तारेला न्यूट्रल म्हणून वापरणारेही भेटतात. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडल्या आणि खड्डा कोरडा झाला की तो परतीचा रस्ता बिघडतो, आणि घरातल्या कूलर-फ्रिजच्या पत्र्यावर वीज येते. कुणी तसं जोडलेलं दिसलं तर त्याच क्षणी काढायला लावा.

न्यूट्रल न लागणारे खटकेही मिळतात. ते बंद असतानाही दिव्यातून थोडासा प्रवाह जाऊ देऊन स्वतःचं पोट भरतात. जुन्या पिवळ्या बल्बला हे कळतही नसे. पाच-सात वॅटच्या एलईडीला मात्र कळतं, आणि पुढची तक्रार सुरू होते.

बंद असूनही दिवा मिणमिणतो

एलईडीला उजेडायला अगदी थोडा प्रवाह पुरतो. त्यामुळे रात्री बंद दिवा काजव्यासारखा दिसतो किंवा ठराविक अंतराने चमकतो. वर सांगितलेला बिनन्यूट्रलचा खटका, लाल इंडिकेटर असलेलं बटण, किंवा लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारा, यांतलं काहीही कारण असू शकतं. या तिन्हींवर उपाय एकच: खटक्याच्या पेटीत येतो तो छोटा कॅपॅसिटर दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडायचा. दिव्यापाशी, बोर्डात नव्हे. तो पेटीत नसेल तर त्या खटक्यासाठीचाच मागवा. पंख्याचा उचलून लावू नका.

चौथं कारण धोक्याचं आहे. खटका फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतो. वायरिंग करताना उलटसुलट झालेलं असतं, किंवा खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बदलताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते आणि कालपर्यंत बरोबर असलेलं घर आज उलटं होतं. ओळखायची खूण अशी: खटका बंद करून बल्ब काढा आणि वायरमनला होल्डरची टोकं तपासायला सांगा. बंद असताना एकाही टोकाला वीज नको. एका टोकाला आली तर उलटं आहे. अशा घरात बल्ब बदलताना "बंद केलंय की" म्हणत शॉक बसतो. कॅपॅसिटर लावून हा उजेड घालवणं म्हणजे धोका झाकणं. तारा सरळ करून घ्या.

दिवा विझतच नाही

पडद्यावर बंद दिसतं, टकसुद्धा वाजतं, तरी दिवा जळतोय. टायमरला टिचकी मारली की विझतो. रिलेचे संपर्क चिकटलेत. टायमरवर १६ अ‍ॅम्पिअर लिहिलेलं असतं, ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. एलईडीच्या ड्रायव्हरला लागायच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट झटका लागतो, म्हणून एलईडीसाठीचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो. एका-दोन बल्बना काही होत नाही. मंगल कार्यालयाच्या कमानीवरचे वीस फ्लडलाइट एकाच टायमरवर टाकले की महिन्या-दोन महिन्यांत चिकटणार. तिथे टायमरने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोड पेलणारा मोठा रिले, ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने दिवे.

याच कारणाने बोअरची मोटर दिव्याच्या टायमरवर टाकू नका. एक एचपीची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते. पाणी येण्याची वेळ आणि लाईट असण्याची वेळ जुळवायची म्हणून लोकांना हा मोह होतो, ते मी समजू शकतो. पण त्यासाठी स्टार्टर आणि ड्राय रन संरक्षण (पाणी संपलं की मोटर बंद करणारं) असलेलं पॅनल वेगळं मिळतं.

वाय-फायचे खटके

यांच्यात घड्याळ चुकत नाही, कारण ते इंटरनेटवरून वेळ घेतात. आपल्याकडे अडचण नेमकी तिथेच येते. लाईट आली की खटका काही सेकंदांत जागा होतो आणि राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. चांगले खटके थांबून पुन्हा जोडून घेतात. काही स्वस्त मात्र तसेच बसून राहतात. पुढे फायबरवाल्याचं नेट बंद असेल तर वेळच मिळत नाही, आणि ठरलेल्या वेळा आत साठवलेल्या असूनही चालत नाहीत. राउटरला छोटा यूपीएस लावला की ही तक्रार अर्ध्याहून कमी होते. मी तरी पैसे खर्चायला सांगताना पहिल्यांदा हेच सांगतो.

दुसरा प्रकार: खटका किंवा स्मार्ट बल्ब मोबाइलमधून गायबच होतो आणि पुन्हा जोडावा लागतो. पुष्कळ उपकरणांत वीज ठराविक वेळा पटापट बंद-चालू केली की ते कोरं होऊन नव्याने जोडायला तयार होतात. वळवाच्या पावसात लाईटही अशीच चार-पाच झटके देते, आणि उपकरण समजतं की मालकानेच सांगितलं. अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा. नाही तर झटके थांबेपर्यंत त्या सर्किटचा एमसीबी पाडून ठेवा.

लाईट आल्यावर रात्री दोन वाजता घरातले सगळे दिवे भक्कन लागतात, तेही सेटिंगचंच. 'वीज आल्यावरची स्थिती' नावाचा पर्याय असतो. तो 'बंद' किंवा 'आधीसारखी' करा. आणि जोडणीच होत नसेल तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळ्या नावाने चालू करा, हे खटके बहुधा ५ गिगाहर्ट्झवर जात नाहीत. वेळा साडेपाच तासांनी चुकत असतील तर अ‍ॅपमधला टाइम झोन भारताचा नाही.

सातला लावला, पण नोव्हेंबरात अंधार

सगळं बरोबर असूनही एक तक्रार दरवर्षी येते. परभणीत जून-जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या आसपास. सव्वा तासाचा हा फरक साधा टायमर ओळखत नाही. दिवाळीला आणि होळीला हाताने वेळ बदलायची, किंवा सूर्यास्त स्वतः मोजणारा अ‍ॅस्ट्रो टायमर घ्यायचा. त्यात गावाचे अक्षांश-रेखांश भरावे लागतात. परभणीसाठी साधारण १९.३ उत्तर आणि ७६.८ पूर्व. 'पूर्व'च्या जागी पश्चिम राहिलं तर सगळा दिवसच उलटा होतो. टाइम झोन साडेपाचचा हवा. तो फक्त पूर्ण तास घेत असेल तर घड्याळ खरं ठेवून सूर्यास्ताला अर्ध्या तासाचा फरक द्या.

गेटच्या एकाच दिव्यासाठी मात्र मी टायमर सुचवतच नाही. प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्या. त्याला घड्याळ नाही, म्हणून लाईट कितीही वेळा गेली तरी चुकायला काही नाही. तो बसवताना एकच पथ्य: त्याच दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यावर पडता कामा नये. पडला की दिवा लागतो, सेन्सरला उजाडल्यासारखं वाटतं, तो विझवतो, अंधार होतो, पुन्हा लावतो. रात्रभर हाच खेळ. डोळा आभाळाकडे किंवा दिव्याच्या पाठीमागे वळवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यावरची धूळ पुसा. धूळ बसली की तो भर चारलाच दिवा लावतो.

टायमर राहू द्यावा तो पहिल्या पावसानंतर पाखरांमुळे रात्री आठ-नऊच्या दरम्यान दिवा बंद ठेवायचा असेल तर, पहाटे पाचला गोठ्यातला दिवा लावायचा असेल तर, किंवा घराला कुलूप लावून आषाढीला पंढरपूरला जाताना घरात कुणी आहे असं दिसावं म्हणून. शेवटच्या कामासाठी 'रँडम' नावाची सोय असते, ती थोड्या पुढे-मागे वेळेला दिवा लावते-विझवते. गावाहून परत आल्यावर ती बंद करा, नाही तर पुढच्या महिन्यात याच तक्रारीसाठी वायरमनला फोन जाईल.